घरी बसलेल्याचा ढीग

बाईंचा भागाकाराचा तास बाकांवर होत नसे. बाक भिंतीला सरकवायचे, फरशी ओल्या फडक्याने पुसायची, मुलांना चौघाचौघांच्या गटात खाली बसवायचं आणि प्रत्येक गटापुढे शिंपले मोजून ओतायचे. फळ्यावर भागाकाराचं चिन्ह यायला अजून बराच अवकाश असे. आधी हाताला कळू दे, डोकं मागून येतंच, असं बाई म्हणत. वर्गातली मुलं सात-आठ वर्षांची. या वयात पाढे पाठ करून घेणं सोपं. वाटायला शिकवणं अवघड, त्याला गुडघे टेकून प्रत्येक गटापाशी बसावं लागतं, आणि तास संपला की ते गुडघे बाईंना आपली आठवण करून देत.

"तुला एक, तुला एक, तुला एक, मला एक," अशा फेऱ्या घालत मुलं शिंपले मांडत. पण मांडणारा मोठा शिंपला हळूच स्वतःकडे ओढतोच. त्यावर बाईंकडे उपाय होता. प्रत्येक गटात एक जण पाठमोरा बसे. ढीग लावून झाले की लावणारा एका ढिगावर बोट ठेवून विचारी, "हा कुणाचा?" पाठमोरा न बघता कुणाचं तरी नाव घेई. ज्याचं नाव, त्याचा ढीग. आपल्याला कुठला ढीग येणार हे ठाऊक नसलं की हात सरळ चालतो. चार दिवसांत मुलं आपणहून मोठ्या शिंपल्याला लहान जोडून ढीग सारखे करू लागत.

ही युक्ती बाईंना कुठल्या प्रशिक्षणात मिळाली नव्हती. शाळा बंदराच्या चढावर होती. खिडकीतून धक्का, बर्फाचा कारखाना आणि होड्यांच्या डोलकाठ्या दिसत. त्याच धक्क्याला बाईंच्या वडिलांची होडी लागायची. मोठी मासळी लिलावात जाई. घरच्यासाठी ठेवलेल्या मासळीतून आधी होडीचा आणि जाळ्याचा वाटा निघे, आणि उरलेल्याचे माणसांइतके ढीग लागत. तेव्हा ही एवढीशी लेक कारखान्याच्या भिंतीकडे तोंड करून बसे आणि नावं घेई. मुळाक्षरांच्या आधी तिला खलाशांची नावं पाठ होती. वडील बजावत, "तोंड बघून नाव घ्यायचं नाही. तोंड बघितलं की वाटा वाकडा झालाच."

वडील गेले, होडी दादाकडे आली. दादा म्हणजे बाईंचा पाठचा भाऊ, पण होडीचा मालक म्हणून सगळ्यांचा दादा, बाईंचासुद्धा. त्या होडीवरच्या सगळ्यांत कसबी गड्याशी बाईंनी लग्न केलं होतं. दोर आणि गाठी यांत त्याचा हात धरणारा बंदरात कुणी नव्हता, म्हणून त्याला वस्ताद म्हणत. हंगामाच्या सुरुवातीला जाळं वर घेताना विंच यंत्रावर गुंडाळल्या जाणाऱ्या दोराने वस्तादचा उजवा हात चाकात ओढला. अंगठा आणि करंगळी वाचली. मधली बोटं गेली.

त्याच्या जागी दादाने एक गडी घेतला. तो दुसऱ्या बंदराहून आला होता. त्याला पहिल्या दिवशी 'नवा' म्हणाले आणि तेच नाव चिकटलं. त्याची मुलगी बाईंच्या वर्गात आली. एका जागी बूड टेकत नसे, म्हणून बाई तिला चुळबुळी म्हणत.

त्या दिवशी बाईंनी गणित घातलं, "होडीवर चार माणसं. बारा शिंपले. प्रत्येकाला किती?"

सगळ्या गटांत तीन-तीनचे चार ढीग लागले. चुळबुळीपुढे मात्र दोन-दोनचे पाच ढीग, आणि दोन शिंपले बाहेर.

"चुळबुळे, माणसं किती सांगितली मी?"

"चार."

"मग हा पाचवा ढीग कुठून उपटला?"

"तो घरी बसलेल्याचा."

"कोण घरी बसलेला?"

"असतो की बाई एक. होडीवर येत नाही, पण त्याचा ढीग लागतो. बाबा आईला म्हणाले, माणसं चार आणि ढीग पाच, असलं गणित याच बंदरात बघितलं."

"आणि हे दोन बाहेर काय करतायत?"

"ते कुणालाच पुरत नाहीत. त्यांच्यावरून भांडण होतं."

एकदोघं खुसखुसले. मागचा एक मुलगा "अगं, ते तर बाईंचे..." म्हणायला गेला, तर शेजारणीने त्याच्या बरगडीत कोपर हाणलं. सात वर्षांच्या मुलीला जे कळतं, ते सगळ्या बंदराला कळत असणार. बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"माझ्या गणितात चारच माणसं आहेत," त्या म्हणाल्या. "पुन्हा लाव."

चुळबुळीने ढीग मोडले आणि पुन्हा फेऱ्या घातल्या. शेवटचा शिंपला जागेवर पडला तशी ती टाळी वाजवून ओरडली, "बाई, तीन-तीन आले! काहीच उरलं नाही!"

घरी जाताना बाईंच्या डोक्यात तीच टाळी वाजत होती. नव्याची बायको रोज त्याच्या वाट्याचा ढीग टोपलीत घेऊन चढावरच्या गल्ल्यांत विकायला फिरे. तिच्या घरी खाणारी तोंडं सहा. बाईंच्या घरी दोन, आणि पगार बाईंचा. निम्मी मासळी शेजारी जात होती.

वस्ताद दारातल्या पायरीवर बसला होता. समोर धुतलेली परात. ती परात तो दुपार कलली की मांडून ठेवी आणि गल्लीच्या तोंडाकडे बघत बसे. थोड्या वेळाने काका आले. हे बाईंच्या वडिलांपासून होडीवर असलेले म्हातारे गडी. त्यांनी टोपली परातीत उपडी केली.

"घ्या वस्ताद. आज समुद्र कंजूष निघाला."

"बसा की, काका."

"बसलो तर उठायचे वांधे होतील," असं म्हणून काका गेलेसुद्धा.

वस्ताद डाव्या हाताने एकेक मासा उचलून ओळीत लावू लागला. "हे बघ, हे खडकाच्या पलीकडचे. दादा तिथे जाळं टाकतो, किती वेळा सांगितलं, तिथे तळाला अडकतं. हा बघ, कल्ल्याजवळ चिरलाय. जाळ्याला गाठ चुकीची बसलीय. नव्याची असणार."

रोज तो असा बोलायचा. दिवसभरात तेवढंच बोलायचा. बाईंनी ते ऐकलं, पण आज त्यांचं लक्ष वेगळीकडे होतं.

"अहो, एवढे मासे दोघांना कशाला? निम्मे शेजारी जातात."

"जाऊ दे. शेजाऱ्यांनी काय पाप केलंय?"

"नव्याच्या घरी सहा माणसं आहेत."

त्याचा हात थांबला. "कुणी काही बोललं?"

"कोण बोलणार?"

"मग तू कशाला बोलतेस?"

बाईंनी पिशवी खुंटीला लावली. आज गप्प बसायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. "तुम्ही एकदा धक्क्यावर तरी जाऊन या. हंगाम सरत आला. फाटकी जाळी पडलेली असतात."

"दीड हाताने शिवू?"

"शिवायला बसल्याशिवाय कसं कळणार? हात गेला हे खरं. पण बसून बसून माणूस गंजतो."

"तुझी शाळा सुटली ना?" वस्ताद म्हणाला. "मग मला शिकवू नकोस."

सुट्टीच्या दिवशी बाई धक्क्यावर गेल्या. दादाला बाजूला घेऊन विचारायचं, एवढंच मनात होतं. लोक कुरकुरतायत का? तू भिडेखातर देतोयस का? पण त्या पोचल्या तेव्हा होडी लागलेली होती आणि दादा ओल्या दगडावर उकिडवा बसून ढीग लावत होता. होडीचा आणि जाळ्याचा वाटा बाजूला निघाला होता. खाली पाच ढीग. एरवी तीन ढिगांत बसली असती एवढीच मासळी. दादा एक लहान मासा या ढिगातून त्या ढिगात टाकी, पुन्हा परत घेई.

"अगं ताई, बरी आलीस," तो म्हणाला. "आज एकही पोर फिरकलं नाही इकडे. बस तिकडे तोंड करून. जुनी खोड आहे तुझी."

इंजिन सांभाळणारा मिस्त्री हसला. "बाईच भिंतीकडे तोंड करून! थांबा, घरी पोराला सांगतो. तो रोज उभा असतो तसा."

"तुझं पोर तुझ्यासारखंच मठ्ठ आहे, म्हणून उभं असतं," काका म्हणाले.

नवा लांब उभा राहून शर्ट पिळत होता. त्याच्या दोन्ही तळव्यांना चिंध्या बांधलेल्या होत्या. नवीन दोर हाताला बसेपर्यंत कातडं सोलून काढतो. बाईंना वस्तादच्या पहिल्या वर्षाचे हात आठवले. नव्याने एकदा ढिगांकडे बघितलं आणि लगेच नजर पाण्याकडे वळवली.

बाई बसल्या. भिंतीला बर्फाचा गारवा होता.

"हा कुणाचा?"

"काकांचा."

"हा?"

"मिस्त्रीचा."

"हा कुणाचा?"

"तुझा, दादा."

"आणि हा?"

"नव्याचा."

शेवटचा ढीग कधी विचारत नाहीत. तो कुणाचा हे उघडच असतं. काका टोपली घेऊन वाकलेच होते.

"थांबा, काका," बाई म्हणाल्या आणि वळल्या. "तो चौघांत वाटा."

दादाने मान वर केली. "का? कुणी काही बोललं?"

सगळ्यांनी नव्याकडे बघितलं. त्याचा चेहरा उतरला. "आईशप्पथ, बाई, मी एका शब्दाने..."

"तुम्ही नाही बोललात. मला मोजता येतं."

"वस्तादने सांगितलं?" दादाने विचारलं.

"घर माझंही आहे," त्या म्हणाल्या.

"घर तुझं आहे, ताई. वाटा त्याचा आहे."

"चार माणसं खपतात, दादा. हात बघ नव्याचे. आणि ढीग बघ केवढे. असे पाच ढीग लावून कुणाचंच पोट भरत नाही. आमच्याकडे शिळे होतात."

काका कंबरेवर हात ठेवून ताठ झाले. "पोरी, गडी जायबंदी झाला तरी तुझा बाप हंगाम संपेपर्यंत त्याचा ढीग लावायचा. मेलेल्याचासुद्धा लावलाय. मी स्वतः पोचवलाय त्याच्या घरी."

"बाप होता तेव्हा मासळीही होती, काका."

बाईंनी पदर खोचला, गुडघे टेकले आणि पाचवा ढीग मोडला. मोठ्याला लहान जोडत त्यांनी त्याचे चार भाग केले आणि ज्याच्या त्याच्या ढिगावर ठेवले. हात सराईत होता. कुणी अडवलं नाही, कुणी मदतही केली नाही. नवा पुढे येईना.

"उचल रे," दादा त्याला म्हणाला. "शाळेच्या बाईंनी वाटलंय. चुकलं असेल कसं?" आणि बाईंकडे न बघता तो होडीत चढला.

चढावर बाई दोनदा थांबल्या. बोटांना खवले चिकटले होते. हिशेब बरोबर होता, एवढंच त्या स्वतःला सांगत होत्या. घर दिसू लागलं तसं तेही सांगणं जमेना.

वस्ताद पायरीवर होता. परात मांडलेली. त्याने बाईंच्या मागे गल्लीत नजर टाकली.

"काका नाही आले?"

"नाही."

"होडी लागली नाही?"

"लागली."

"मग जाळं रिकामं आलं?"

"थोडी मिळाली."

त्याने परातीकडे बघितलं. मग म्हणाला, "दादाने बंद केला म्हणायचा."

बाईंना हो म्हणता आलं असतं. दादानेही भांडण नको म्हणून ते अंगावर घेतलं असतं. पण खोटं बोलायला त्यांची जीभ रेटली नाही.

"मी बंद केला."

"मला विचारून?"

"नाही."

"तिथे सगळ्यांसमोर?"

"हो."

मग बाई भराभर बोलू लागल्या. नव्याचे सोललेले हात, त्याच्या घरची तोंडं, वर्गात पोरीने लावलेला ढीग, शेजारी जाणारे मासे, सगळं. वस्तादने पूर्ण ऐकून घेतलं. अडवलं नाही.

"झालं?" तो म्हणाला. "सगळं खरं आहे तुझं. नव्याला कमी पडतं हे मला दिसत नव्हतं वाटतं? मासे मोजतोच की मी रोज."

"मग..."

"लिलावाच्या पैशातलं मी पहिल्या दिवशीच सोडलं. कुणी सांगावं लागलं नाही. ते कामाचं असतं. हा ढीग तेवढा ठेवला. का ठेवला?" त्याने करंगळी आणि अंगठ्याने परातीची कड धरायचा प्रयत्न केला, ती सुटली. "दिवसातून एकदा धक्क्यावर कुणीतरी माझं नाव घ्यायचं. एखादं शेंबडं पोर का होईना, घ्यायचं. मासे गेले चुलीत."

बाई उभ्याच होत्या. "मी उद्या दादाला सांगते. चुकले म्हणते. पुन्हा पूर्वीसारखं..."

"नको. बायकोने मागून आणलेला वाटा मी घेणार नाही. आणि तू म्हणालीस ते खरंच आहे, तर चुकले कशाला म्हणतेस?"

त्याने डाव्या हाताने परात उचलली, आत नेली आणि जागेवर पालथी घातली.

दुसऱ्या दिवशी बाई शाळेला निघाल्या तेव्हा तो अंथरुणातच होता. झोपलेला नव्हता. वर्गात त्यांनी त्या दिवशी शिंपल्यांचा डबा काढलाच नाही. पाढे म्हणायला लावले. मुलांच्या एका सुरातल्या आवाजात त्या खिडकीशी उभ्या राहिल्या आणि त्यांना वस्ताद दिसला. उजवा हात खिशात घालून तो उतारावरून धक्क्याकडे चालला होता. अपघातानंतर पहिल्यांदाच.

होडी लागली होती. माणसं त्याच्याभोवती जमली. दादाचे हात जोरजोराने हलत होते. मग दादाने पाठ केली, मिस्त्रीने डोकं खाजवलं. काय चाललंय ते इतक्या लांबून कळेना. वस्ताद त्यांच्यातून बाहेर पडला, नळापाशी गेला आणि मासळीची रिकामी खोकी धुवायला बसला. एक झालं की दुसरं. खोकं तो गुडघ्यात धरी आणि डाव्या हाताने घासे.

"बाई, सातचा झाला. आठचा म्हणू?" चुळबुळीने विचारलं.

"म्हणा," बाई म्हणाल्या.

शाळा सुटली तेव्हा काका फाटकाबाहेर थांबले होते.

"अर्धा वाटा मागितला त्याने," ते म्हणाले.

"अर्धा?"

अर्धा वाटा होडीवर पहिल्यांदा येणाऱ्या पोरांना देतात. खोकी धुणारी, पाणी उपसणारी, ज्यांना अजून दोर झेपत नाही अशी पोरं.

"दादा भडकला. म्हणाला, पुरा घे नाहीतर घरी बस, मला बंदरात तोंड दाखवायचंय. वस्ताद म्हणाला, काम अर्धं तर वाटा अर्धा. आणि माझं नाव कमी करायचं तर मी करीन, दुसऱ्या कुणी नाही." काकांनी धक्क्याकडे हात केला. "आता नऊ ढीग लावायचे. आम्हाला दोन-दोन, त्याला एक. ज्या माणसाकडून अर्धं बंदर गाठ शिकलं, तो खोकी धुतोय. मला ते बघवलं नाही म्हणून इथे आलो. तुला शिव्या द्यायच्या होत्या. आता देववत नाहीत."

"द्या, काका."

"जाऊ दे. नव्याने आज त्याच्या शेजारी बसून गाठ विचारली. वस्तादने दाखवली. एवढंच बरं घडलं म्हण."

बाई घरी आल्या. वस्ताद मोरीत पाटावर बसला होता. बाजूला टोपली, तळाशी मूठभर मासळी. उजव्या तळव्याच्या मनगटाजवळच्या भागाने तो मासा फरशीवर दाबून धरी आणि डाव्या हाताने सुरी शेपटीकडून डोक्याकडे ओढी. डावा हात या कामाला नवखा होता. मासा निसटे, मोरीच्या कोपऱ्यात जाई. तो सरकत जाऊन पुन्हा धरी. गालाला, भुवईला खवले उडाले होते. अंगठ्याच्या पेरावर सुरी लागून रक्त आलं होतं. ते त्याने पाण्यात बुडवलं आणि पुन्हा सुरी धरली.

"द्या इकडे," बाई सवयीने वाकल्या.

"हात लावू नकोस."

तो ओरडला नव्हता. बाई उंबऱ्यावर टेकल्या. उठून निघून जाणं सोपं होतं, पण ते त्यांना पटलं नाही. बसून बघायचं, एवढंच काम त्यांच्या वाट्याला ठेवलं होतं, आणि ते करणं भाग होतं.

एक मासा साफ झाला. वस्तादने तो उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी बघितला, पोटाशी राहिलेले खवले नखाने काढले, पाण्यातून काढून ताटलीत ठेवला. मग टोपलीतून दुसरा उचलला.